कनवटीचे पैसे आणि उघडा पत्ता

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या माणसाची आज पुष्कळदा दोन बँकखाती असतात. एक पगाराचे. दुसरे कॉलेजात असताना उघडलेले, नाहीतर पहिल्या नोकरीतून मागे राहिलेले. मोबाइलमधले यूपीआय दुसऱ्या खात्याला जोडलेले असते. अधूनमधून दोन-चार हजार रुपये पहिल्यातून दुसऱ्यात टाकायचे आणि किराणा, कपडे, चार्जर, रात्रीचे जेवण असे सगळे त्यातून भागवायचे. कारण विचारले तर उत्तर एकाच वाक्यात मिळते : गेले तर तेवढेच जातील. ही युक्ती त्याला कोणी वर्गात शिकवलेली नाही. बाजाराला निघालेली बाई लागतील तेवढे पैसे हातातल्या बटव्यात ठेवी आणि मोठी नोट कनवटीला लावी. त्याच शहाणपणाचे हे नवे रूप आहे.

या पिढीची ऑनलाइन खरेदी आणि सायबर चोरीची धास्ती यांच्या संबंधाविषयी बोलताना एक गृहीत सहज धरले जाते. ज्याला भीती वाटते तो कमी खरेदी करतो, आणि ज्याला वाटत नाही तो बेफिकीर असतो, हे ते गृहीत. प्रत्यक्षात धास्ती आणि खरेदी दोन्ही एकत्र वाढल्या आहेत. खरेदी करायची की नाही, हे भीती फारसे ठरवत नाही. कोणाकडून करायची, पैसे कसे द्यायचे, पार्सल कुठे आणि कोणाच्या नावाने मागवायचे, हे मात्र ती ठरवते. या सवयी जवळून पाहिल्या, की त्यांच्या मुळाशी तंत्रज्ञानापेक्षा एक जुना व्यवहारी प्रश्न सापडतो : चोरी झालीच, तर नुकसान कोणाच्या अंगावर पडणार?

थोडा इतिहास पाहू. बेंगळुरूत २००७ साली पुस्तके विकण्यासाठी सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली. तेव्हा घरोघरी कार्डे नव्हती हे खरे, पण ज्यांच्याकडे होती तेही दारातच रोख देत. तो अविश्वास मुख्यतः मालाविषयी होता : खोक्यात मोबाइल निघेल की साबणाची वडी? त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी एक बंधन घातले होते. १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खातरजमा सक्तीची झाली. आधी त्यासाठी वेगळा पासवर्ड असे, पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी आला. अमेरिकेत कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की खरेदी पुरी होते. आपल्याकडे मधे एक उंबरठा आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध कुरकुर केली, कारण उंबरठ्याशी अडखळून काही गिऱ्हाइके परत फिरत. पण आज तिशीत असलेल्या पिढीचे ऑनलाइन खरेदीचे वळणच या उंबरठ्यावर घडले. परदेशी संकेतस्थळावर ओटीपी न मागता पैसे कापले गेले, की तिला सोय झाल्यासारखे वाटत नाही. छातीत धस्स होते.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. २०२० साली रिझर्व्ह बँकेने सांगितले, की नवे कार्ड देताना त्याची ऑनलाइन वापराची सोय बंद ठेवावी. ती सुरू करणे, बंद करणे, मर्यादा घालणे ग्राहकाच्या हाती असावे. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायला दुकानांना मनाई झाली आणि त्याच्या जागी ‘टोकन’ आले. टोकन म्हणजे फक्त त्या दुकानापुरते चालणारे एक बदली चिन्ह. ते चोरीला गेले तरी चोराला दुसरीकडे त्याचा उपयोग नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. गंमत अशी, की ती झाल्यावरही ‘कार्ड सेव्ह करू का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणणाऱ्यांची सवय गेली नाही. पडद्यावर प्रश्न तोच दिसतो. आत काय बदलले हे दिसत नाही.

या न दिसण्यावर संशोधकांनी बरेच काम केले आहे. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना आधी खासगीपणाविषयीची त्यांची मते विचारली, मग त्यांना एका प्रायोगिक ऑनलाइन दुकानात कॅमेरा किंवा हिवाळी जाकीट घ्यायला पाठवले. दुकानात संगणकावरची एक बोलकी विक्रेती होती. ती खरेदीला मदत करता करता प्रश्न विचारी. काही मालाविषयी, काही त्याच्याशी संबंध नसलेले, अगदी खासगी. ज्यांनी आपण खासगीपणाला फार जपतो असे लिहून दिले होते, त्यांनीही बहुतेक प्रश्नांची उत्तरे देऊन टाकली. मन एक सांगते आणि बोट दुसरे करते, या विसंगतीला पुढे ‘प्रायव्हसी पॅरडॉक्स’ असे नाव मिळाले आणि तरुणांवर दुटप्पीपणाचा ठपका ठेवायला ते फार सोयीचे ठरले.

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र इतक्या वेळा सांगितला जात नाही. त्यांनी लोकांना खरोखरीची खरेदी करायला लावली : एक बॅटऱ्यांची आणि एक खासगी वापराच्या वस्तूची. वस्तू तीच, दुकाने वेगवेगळी. काहींना शोधयादीत दुकानाच्या नावाशेजारीच ते दुकान ग्राहकाची माहिती कितपत जपते याची खूण दाखवली, काहींना नाही. खूण दिसताच बरेच लोक जपणाऱ्या दुकानाकडे वळले आणि साधारण १५ डॉलरच्या वस्तूमागे ६० सेंटच्या आसपास जास्त मोजायलाही तयार झाले. काळजी असते, पण ती कृतीत उतरण्यासाठी निवडीच्या क्षणी डोळ्यांसमोर काहीतरी लागते, असा याचा अर्थ मी घेतो. आपल्याकडच्या खरेदीच्या ॲपवर त्या क्षणी डोळ्यांसमोर सवलतीची टक्केवारी, ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटे धावणारे घड्याळ असते.

आता या तरुण नोकरदाराच्या कार्यालयात डोकावू. हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम खोट्या ईमेल पाठवण्याची पद्धत आहे. ‘तुमचे दिवाळीचे गिफ्ट व्हाउचर येथे घ्या’ अशा ओळीखाली दुवा असतो. जो त्यावर टिचकी मारतो त्याला पंधरा-वीस मिनिटांचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाहावा लागतो आणि त्याचे नाव साहेबांच्या यादीत जाते. त्यामुळे ही पिढी पत्त्यातले अक्षर तपासायला, घाईची भाषा ओळखायला शिकली आहे. खोट्या संकेतस्थळाविषयीचे तिचे ज्ञान तिच्या आईवडिलांपेक्षा कितीतरी अधिक आहे. तरी संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने दांडी धरून, ती इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी दुकानातून बूट मागवते.

याला बेफिकिरी म्हणावे का? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये एक निबंध लिहिला. सुरक्षेचे सल्ले लोक धुडकावतात ते मूर्खपणामुळे नव्हे. त्या धुडकावण्यात हिशेब असतो, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक पत्ता अक्षर अक्षर वाचायचा, प्रत्येक इशाऱ्यापाशी थांबायचे, तर रोजचा जो वेळ जाईल त्याची किंमत वाचणाऱ्या नुकसानीपेक्षा जास्त भरते. ही मांडणी पटण्याजोगी आहे, पण एका अटीवर : नुकसान दुसरा कोणी भरून देत असला पाहिजे. तो हिशेब अशा देशांत बसतो, जिथे कार्डाचा गैरवापर झाल्याचे कळवल्यावर बँक पैसे परत देते. आपल्याकडे सल्ला धुडकावण्याची किंमत वेगळी असल्यामुळे दोन खात्यांची युक्ती निघाली. रोज सावध राहण्यापेक्षा नुकसानीवर एकदाच झाकण घालणे स्वस्त पडते. डिसेंबर २०२४ पासून पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येणारे ‘यूपीआय लाइट’ हे याच झाकणाचे अधिकृत रूप म्हणता येईल.

पैशाभोवती कुलपे अशी वाढत गेली. माहितीभोवती मात्र तेवढी वाढली नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती विक्रीला आल्याचे उघड झाले. मे २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या १८ कोटी ऑर्डरींचा तपशील चोरांनी इंटरनेटच्या काळोख्या भागात असा मांडला, की कोणाचाही मोबाइल क्रमांक टाकला तर त्याने कधी, कुठे, काय मागवले ते दिसावे. आर्थिक माहिती गेलेली नाही, असे कंपनीने सांगितले. हे वाक्य अशा प्रत्येक प्रसंगानंतर येते आणि ऐकणाऱ्याला हायसे वाटते. त्यात एक समजूत दडलेली आहे : पैसे म्हणजे मौल्यवान, नाव-पत्ता-फोन म्हणजे किरकोळ.

चोराच्या बाजूने पाहिले तर उलटे आहे. आजची फसवणूक कुलूप फोडून क्वचित होते. घरमालकाकडूनच ते उघडून घेतले जाते. त्यासाठी त्याचा विश्वास बसेल असे दोन तपशील पुरतात. तुम्ही मंगळवारी अमुक दुकानातून अमुक वस्तू मागवली आणि ती परत करायची आहे, एवढे पलीकडच्या आवाजाला माहीत असले, की तो आवाज दुकानाचाच वाटतो.

नेमके असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आसाममधल्या एका ग्राहकाने २०२१ मध्ये कपड्यांच्या एका नामांकित ब्रँडच्या संकेतस्थळावरून खरेदी केली आणि माल परत करायचे ठरवले. त्या दुकानाच्या ग्राहकसेवेतून बोलतो असे सांगणाऱ्याचा फोन आला, मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावले आणि स्टेट बँकेतल्या खात्यातून ९४ हजारांहून अधिक रुपये गेले. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले. ओटीपी त्यानेच दिला असणार, ही बँकेची भूमिका; मी कोणालाही दिला नाही, ही त्याची. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ग्राहकाचा निष्काळजीपणा नसल्याचे मानून रक्कम परत द्यायला सांगितले आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. अशा व्यवहारांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी बँकेला झटकता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. ग्राहकांनीही ओटीपीबाबत अत्यंत दक्ष राहावे, हेही सांगितले. पैसे गेल्यापासून तोवर तीन वर्षे उलटली होती.

ज्या नियमाच्या आधारे हा निकाल लागला तो रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा. खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असायला हवा, आणि फार थोड्यांना असतो. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच काही फुटले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतची झळ. साध्या बचत खात्याला ती १० हजार रुपये. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती का होईना रक्कम खात्यावर दाखवावी, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. इथवर नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील कोणाला दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. आणि आजच्या फसवणुकीचा बहुतेक भाग या शेवटच्या वाक्यात बसवता येतो. ओटीपी टाकला गेला, म्हणजे तुम्हीच टाकला. उंबरठा चोराला अडवण्यासाठी बांधला होता. आता तो घरमालकाविरुद्धचा पुरावाही झाला आहे.

केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. एटीएममधून पैसे गेल्याच्या तक्रारींचा अभ्यास करून १९९३ मध्ये त्यांनी लिहिले, की अमेरिकेत ग्राहक खोटे बोलतो हे बँकेला सिद्ध करावे लागे, तर ब्रिटनमध्ये आमची यंत्रणा चुकू शकत नाही असे बँका म्हणत आणि ग्राहक हतबल होई. मग ब्रिटिश बँकांची यंत्रणा जास्त सुरक्षित असायला हवी होती. झाले उलट. तक्रारी झटकता येत असल्यामुळे त्या ढिल्या राहिल्या. अमेरिकेत तर १९७० च्या दशकापासून क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात ग्राहकाची जबाबदारी कायद्यानेच ५० डॉलरपुरती मर्यादित आहे. तिथला तरुण कार्डाचा क्रमांक बिनधास्त साठवतो त्यामागे त्याचे धाडस नाही. त्याच्यामागे उभा असलेला कायदा आहे. आपल्या तरुणाने तो कायदा स्वतःपुरता घडवला : खात्यात चारच हजार ठेवायचे.

माहितीच्या बाबतीत असे घरगुती झाकणही घालता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ढिलाई करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा भारदस्त आहे. पण हा दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याचा पत्ता फुटला त्याला त्यातले काही मिळायचे नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्यातले ४३-अ हे कलम अशा ढिलाईसाठी भरपाईची वाट ठेवत होते, तेही काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात केलेली आहे. यावर आपल्याकडे झाली तेवढीशी चर्चा मला अपुरी वाटते.

ओटीपीविषयी आणखी एक विसंगती रोज दारात घडते. बँक सांगते, ओटीपी कोणालाही सांगू नका. दुकान सांगते, महाग वस्तू घ्यायला गेलात तर पार्सल घेऊन आलेल्या मुलाला ओटीपी सांगा. दोन्ही आकड्यांचेच संदेश, त्याच मोबाइलवर, तशाच इंग्रजीत. कामावर असलेली मुलगी मीटिंगमधून उठून घरी आईला फोनवर आकडे सांगते, आई ते दारातल्या मुलाला सांगते. ‘मॅडम, तुमची ऑर्डर रद्द करायची तर आलेला नंबर सांगा’ हे वाक्य म्हणूनच खपते. सांगण्याची सवय आम्हीच लावलेली असते. हाच प्रकार कॉल दुसरीकडे वळवण्याचा. ‘डिलिव्हरी बॉयला पत्ता सापडत नाही, हा क्रमांक फिरवा’ म्हणून *४०१* ने सुरू होणारा क्रमांक फिरवून घेतला, की पुढचे फोन चोराकडे जात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही सोय थांबवायला लावली. ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे भासवणारी, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची सोयही १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. दोन्ही निर्णय चांगले. पण दोन्हींत जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे : लोकांना आणखी एक उपदेश करण्याऐवजी भोकच बुजवले.

स्त्रियांच्या बाबतीत ‘सायबर सुरक्षा’ हा शब्द अपुरा पडतो. पीजीमध्ये किंवा भाड्याच्या फ्लॅटवर एकट्या राहणाऱ्या मुलीला खात्यापेक्षा पत्त्याची काळजी अधिक असते. पार्सलवर तिचे पूर्ण नाव, मोबाइल आणि खोलीचा क्रमांक छापलेला असतो आणि तो कागद सोसायटीच्या गेटपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत कितीतरी हातांतून जातो. म्हणून कोणी पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवते, कोणी आडनाव गाळते, कोणी भावाच्या किंवा वडिलांच्या नावाने ऑर्डर देते, कोणी खोक्यावरचा कागद फाडून त्यावर पाणी ओतते. पैसे आधीच भरून टाकले तर दारात उभे राहावे लागत नाही, म्हणून याच मुली रोखीपेक्षा ऑनलाइन पैसे देणे पसंत करतात. तिच्या वयाचा तिचा सहकारी मात्र पैसे अडकू नयेत म्हणून दारात देणे पसंत करतो. सुरक्षेची चिंता दोघांना दोन विरुद्ध दिशांना नेते. ‘तरुण ग्राहक’ असा एकच गठ्ठा करणाऱ्या पाहण्यांत हे हरवून जाते.

घरातली आणखी एक जबाबदारी या पिढीवर आली आहे. साताऱ्याला किंवा लातूरला राहणारे वडील व्हॉट्सॲपवर दुवा पाठवतात : ‘हे खरे आहे का रे? मिक्सर ७९९ ला म्हणतात.’ मुलगा पाहतो, नको म्हणतो, आणि स्वतःच्या ॲपवरून मिक्सर मागवून त्यांच्या पत्त्यावर पाठवतो. आई-वडिलांची खरेदी अशी हळूहळू मुलांच्या खात्यांतून होऊ लागते. पैशाच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे. पण घरातले मोठे माणूस स्वतः चुकून, सावरून शिकण्याची संधी गमावते, आणि बीपीच्या गोळ्यांपासून गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंतचा साऱ्या कुटुंबाचा तपशील एका खात्याखाली गोळा होतो.

या साऱ्याचा सर्वांत मोठा परिणाम ग्राहकावर नसून विक्रेत्यावर होतो, असे मला वाटते. अनोळखी संकेतस्थळावर पैसे भरायची भीती वाटली, की माणूस खरेदी सोडत नाही. तीच वस्तू मोठ्या ॲपवर शोधतो. तिथे निदान तक्रार करायला जागा आहे, पैसे परत येतात, असा त्याचा अनुभव असतो. त्याच्यापुरते ते बरोबरच आहे. पण येवल्याचा पैठणीवाला, कोल्हापूरचा चपलांचा कारागीर, देवगडचा आंबेवाला यांनी पदरमोड करून उभारलेली छोटी संकेतस्थळे या भीतीची किंमत मोजतात. काही ब्राउझरमध्ये त्यांच्या नावाशेजारीही सुरक्षित जोडणीची खूण असते. पण ती खूण जोडणी गुप्त आहे एवढेच सांगते, पलीकडचा माणूस सच्चा आहे की नाही ते सांगत नाही. ती भामट्यालाही मिळते. हंगामात आंब्याच्या आणि दिवाळीत फराळाच्या नावाने खोटी पाने निघतात, त्यांच्यामुळे खऱ्यांवरचाही विश्वास उडतो. मग कारागीर नाइलाजाने मोठ्या ॲपवर जातो, त्याचे कमिशन देतो, आणि तिथल्या यादीत यंत्राने बनवलेल्या नकलेशेजारी बसतो. फसवणूक कोणी तिसऱ्याने केली. बाजार मोठ्यांच्या हाती आणखी थोडा सरकला.

जो विक्रेता स्वतंत्र राहतो त्याच्याकडे ग्राहक ‘दारात पैसे देईन’ म्हणतो. अशा ऑर्डरींतल्या काही दार न उघडताच परत येतात. कुरिअरच्या भाषेत त्याला ‘आरटीओ’ म्हणतात. ‘रिटर्न टू ओरिजिन’, गाड्यांच्या नंबरप्लेटशी संबंध नाही. जाण्यायेण्याचे भाडे विक्रेत्याच्या माथी आणि तेवढे दिवस माल अडकलेला. पुण्यात बसलेल्या ग्राहकाचा विमा अशा रीतीने येवल्यात कोणीतरी भरत असतो. नुकसान अंगावर पडेल म्हणून ग्राहकाने ते पुढे ढकलले, आणि ते सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसापाशी जाऊन थांबले.

गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. यात खोटी गुंतवणूक आणि ‘डिजिटल अटके’सारखे सगळे प्रकार आले; निव्वळ खरेदीचा वाटा यातून काढता येत नाही. तरी तुलनेसाठी पुण्याचीच एक घटना आठवते. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये देशाबाहेरच्या आणि देशातल्या एटीएममधून आणि एका परदेशी खात्यात गेले. शहर हादरले, पण ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, झळ संस्थेने सोसली. संस्थेच्या तिजोरीतून गेलेले ९४ कोटी ही एक बातमी होते, तिचा तपास होतो, खटला चालतो. एकेका माणसाच्या खात्यातून गेलेले वीस-तीस हजार ही त्याची त्याची चूक ठरते.

१९३० या क्रमांकावर फोन करणाऱ्याला पहिला तास मोलाचा असतो, कारण गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत असते आणि वाटेत गोठवता आली तरच हाती लागते. हे माहीत असूनही पुष्कळजण फोन करत नाहीत. दोन-तीन हजारांसाठी कोण तक्रार करणार, हे एक कारण. माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्याला कसे फसवले हे सांगायची लाज, हे त्याहून मोठे. सुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेल्या संगणक अभियंत्याला ही लाज अधिक छळते. २०१७ च्या नियमातले तीन दिवस या लाजेतच निघून जातात.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये व्यवहारांच्या खातरजमेविषयी नवे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख. एसएमएसच्या ओटीपीवरच विसंबून न राहता इतर मार्गांनी खातरजमा करायला त्यांत वाव आहे, व्यवहाराची जोखीम पाहून जादा तपासणी करता येते, आणि बँकेने हे निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झाले तर ते पूर्ण भरून द्यायचे आहे. शेवटची तरतूद सगळ्यांत महत्त्वाची. मात्र जिथे बँकेने नियम पाळले आणि ग्राहकाच्या हातूनच कुलूप उघडून घेतले गेले, ती जागा तशीच राहते, आणि तिथेच गर्दी आहे.

तोवर तरुण ग्राहक आणि छोटे विक्रेते यांनी आपापसात काही रीती पाडल्या आहेत. पैठणी घ्यायची तर आधी व्हिडिओ कॉलवर माग आणि साडीचा पदर उलटून मागची बाजू दाखवायला सांगायची. पहिल्या वेळी मोठी वस्तू मागवायची नाही. बटवा किंवा रुमाल मागवून पाहायचा, तो आला की साडीचे बोलायचे. पैसे दोन टप्प्यांत द्यायचे, थोडे माग लावताना आणि उरलेले कुरिअरची पावती आल्यावर. गावातला कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून दुकान खरोखर आहे ना एवढे पाहून घ्यायचे. विक्रेतेही आता फोनवर पहिल्याच वाक्यात विचारतात, ‘कोणाच्या ओळखीतून आलात?’